वाकळेचा चौथा कोपरा

आपल्या समाजाच्या वार्षिक स्मरणिकेत जुन्या पिढीतील कर्तबगार पुरुषांची चरित्रे, दुकानांचे व देणग्यांचे वृत्तांत आणि गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे नेमाने प्रसिद्ध होतात. ते योग्यच आहे. परंतु ज्या शिवणकामावरून आपणांस शिंपी हे नाव पडले, त्याच शिवणकामाची एक शाखा आपल्या घरच्या स्त्रियांनी दुकानामागील अंगणात पिढ्यान्‌पिढ्या चालविली. तिची नोंद आजवर कोणी केल्याचे आमच्या पाहण्यात नाही. ही शाखा म्हणजे वाकळ. तिचा यथामति वृत्तांत ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवावा, आणि त्या निमित्ताने एका व्यक्तीचे आमच्यावरील ऋण उघडपणे मान्य करावे, असा या लेखाचा दुहेरी हेतू आहे.

जुन्या वस्त्रांचे तुकडे जोडून केलेल्या पांघरुणास संस्कृतात 'कंथा' म्हणतात, आणि बंगालमध्ये अशा शिवणकामास आजही 'कांथा' हेच नाव आहे. आपल्याकडे कोठे गोधडी, तर कोठे वाकळ म्हणण्याचा प्रघात. चिंध्यांच्या वस्त्राची परंपरा मात्र फार जुनी. भगवान बुद्धांचे भिक्षू टाकून दिलेल्या वस्त्रांचे तुकडे गोळा करून आपली चीवरे शिवीत. मगध देशातील शेते व त्यांचे बांध पाहून बुद्धांनी आनंदास त्या धर्तीवर चीवर बेतावयास सांगितले, अशी कथा विनयपिटकात आहे. बेतणे हा आपल्या धंद्याचा शब्द. म्हणून ही कथा शिंप्याच्या मनास विशेष भावते. उन्हात अंथरलेली वाकळ दुरून पाहावी, तर ती खरोखरच बांधाबांधांनी आखलेल्या शिवारासारखी दिसते.

आमचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात. पाऊस तेथे बेताचा आणि उन्हाळा लांबलचक. चैत्रात शिखर शिंगणापूरची यात्रा भरे, खांद्यावर कावडी घेतलेले लोक मुंगी घाटाने शिखर चढून जात, आणि यात्रा पांगली की गावात उन्हाळ्याचा खरा अंमल सुरू होई. शाळूची मळणी उरकून धान्य कणगीत पडलेले असे. माणगंगेचे पात्र कोरडे पडे. बायका वाळूत झरे खणून वाटीवाटीने पाणी भरीत. पुरुष नांगरटीची व छपरे शाकारण्याची कामे ऊन चढण्यापूर्वी आटोपून घेत. सकाळी घरोघर बाजेवर सांडगे, पापड, कुरडया वाळत पडलेल्या असत, आणि त्या राखण्याचे काम आम्हां मुलांकडे असे. राखणदारांनीच ओल्या कुरडया किती खाल्ल्या, याचा हिशेब मात्र कोणी ठेवला नाही.

दुपारी मात्र बाहेरचे एकही काम होण्याजोगे नसे. ह्या दोन-तीन तासांवर वाकळेचा हक्क होता. मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागते, आणि एकदा पाऊस पडला की बाईमाणसास शेतातून मान वर काढावयास सवड नसते. तेव्हा चैत्र ते ज्येष्ठ हाच काय तो वाकळेचा हंगाम. पावसाळ्यातील गारठा व पुढील थंडी ज्याच्या अंगावर काढावयाची, ते पांघरूण भर उन्हाळ्यात घाम पुशीत शिवावे लागे.

गावगाड्यातील अलुतेदारांच्या याद्या ठिकठिकाणी निरनिराळ्या आढळतात. त्यांपैकी कित्येकींत शिंप्याचे नाव येते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथामुळे ही सारी व्यवस्था पुस्तकात आली. परंतु शिंप्याच्या दुकानातून गावास काय काय जाई, हे पाहावयाचे तर त्या काळची एखादी वाकळ उलगडावी. पाटलाच्या अंगरख्याचा मांजरपाट, माळणीच्या चोळीचा खण, धनगराच्या बंडीचे जाडे कापड, नवरदेवाच्या कोटाचे अस्तर, शाळेच्या पोरांच्या टोप्या, ह्या सर्वांचे बेतून उरलेले तुकडे आमचे वडील एका पोत्यात टाकीत. ते पोते उन्हाळ्यात मातोश्रींच्या हवाली होई. सुतारलोहारांपासून धनगरमाळ्यांपर्यंत सारा गाव त्या एका पोत्यात शेजारी शेजारी नांदत असे.

कापडाचे मोल पुढील पिढीस पटणे कठीण आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कापडाची टंचाई झाली आणि १९४३ साली सरकारने सूत व कापड यांवर नियंत्रणाचा हुकूम काढला. मातोश्री सांगत, की त्या वर्षांत फाटके धोतरही कोणी फेकीत नसे. त्याचा पंचा होई, पंच्याचे फडके होई, आणि फडके जीर्ण झाले की ते वाकळेच्या पोटात जाई. नऊवारी लुगडे विरले म्हणजे मात्र ते थेट वाकळेच्या अंगावर येई, कारण वापरून मऊ झालेल्या सुतासारखे सुख नव्या कापडास नाही.

आता वाकळ घालण्याची रीत सांगतो. अंगण शेणाने सारवून घ्यावे. ते वाळल्यावर एक जुने लुगडे दुहेरी करून अंथरावे, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवावेत, त्यावर धोतरे व चिंध्या सारख्या जाडीने पसराव्यात, आणि वरून दुसरे लुगडे घालावे. प्रथम लांब लांब कच्चे टाके घालून सारे थर बांधून घ्यावे. मग चौघींनी चार कोपरे धरावेत. दोरा दुहेरी घ्यावा आणि काठापासून आत आत शिवीत यावे. चौघींचे हात एकसारखे चालले तर ओळी मध्यभागी येऊन मिळतात. एकीचा हात ओढला की सबंध वाकळ त्या बाजूस तिरपी होते. म्हणून वाकळेस कोणाबरोबर बसावे, याचा विचार स्त्रिया सोयरीक जुळविण्याइतक्या काळजीने करीत. 'शेजी' हा आपल्या ओव्यांतला गोड शब्द. शेजीचे नाते रक्ताचे नव्हे आणि लग्नाचेही नव्हे. एका वाकळेवर सुई चालविण्याचे आहे, असे आम्हांस लहानपणी वाटे.

मातोश्रींच्या शेजी तिघी. एक माळ्याची, एक धनगराची, आणि तिसरी, ज्या वस्तीस त्या काळी महारवाडा म्हणत तेथली. ह्या तिसरीस आम्ही मुले मावशी म्हणत असू. तिचा टाका ज्वारीच्या दाण्याहून मोठा कधी पडला नाही. वडील तीस वर्षे यंत्रावर बसलेले कारागीर, पण तेही तिची ओळ बोटाने चाचपून म्हणत, "यंत्राला हे जमायचं नाही." ती बोलण्यात मोकळी होती. मातोश्रींचा दोरा गुंतला की म्हणे, "वहिनी, दोऱ्यावर रागावू नगा, त्यो आपल्यापरीस भुकेला हाय." मग चौघी हसत, आणि कोणी तरी जात्यावरची ओवी वाकळेवर सुरू करी. पुढे १९५६ साली डॉ. आंबेडकरांनी धर्मांतर केले, त्यानंतर मावशीचे घर बौद्ध झाले. तिच्या झोपडीत बुद्धांची तसबीर लागल्याचे आम्ही बाहेरून पाहिले होते.

वाकळ अंगणात का घालतात, असे आम्ही एकदा विचारले. मातोश्रींनी सांगितले, "उजेडासाठी." ते खोटे नव्हते. परंतु दुसरे कारण आम्हांस वय वाढल्यावर कळले. मावशीस उंबरठ्याच्या आत येता येत नसे. तिला तहान लागली तर मातोश्री वरून पाणी घालीत व ती ओंजळीने पिई. तयार वाकळेवर आमची आजी तुळशीपाशी पाणी शिंपडी आणि मगच ती घरात नेई. वर्षभर आम्ही भावंडे त्या वाकळेत अंग गुरफटून निजत असू. जिचा टाका आमच्या अंगास चालत होता, तिची सावली आमच्या माजघरास चालत नव्हती. घटनेच्या १७ व्या कलमाने १९५० साली अस्पृश्यता रद्द झाली होती, १९५५ साली तीविरुद्ध स्वतंत्र कायदाही झाला होता. कायदा आमच्या अंगणापर्यंत आला. उंबरठा ओलांडावयास त्यास वेळ लागला. हे लिहिताना आम्हांस संकोच होतो, परंतु इतिहास लिहावयाचा तर तो आपल्या घरापासून लिहिला पाहिजे.

येथे श्रीनामदेव महाराजांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. आपण त्यांचे नाव कुलदैवताइतक्या अभिमानाने घेतो. मंगळवेढ्यास गावकुसाच्या भिंतीचे काम चालू असता ती कोसळून चोखोबा इतर मजुरांसह गाडले गेले. हे वर्ष परंपरेने १३३८ मानतात. तेव्हा नामदेव तेथे गेले, आपल्या सुहृदाच्या अस्थी त्यांनी शोधून काढल्या, आणि पंढरीस आणून महाद्वारासमोर समाधी बांधविली, असे परंपरा सांगते. जिवंतपणी चोखोबांस मंदिराचे दार बंदच होते. ते दार सर्वांस उघडावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरास उपोषण केले, तेव्हा कोठे ते उघडले. शिंप्याच्या घरी जन्मलेल्या संताने आपला मित्र मातीतून उचलून आणला. त्याच शिंप्याच्या वंशजांनी, म्हणजे आम्ही, आपल्या आईची मैत्रीण सहाशे वर्षांनंतरही अंगणातच बसविली.

मग १९७२ साल आले. पाऊस गेला, विहिरी आटल्या आणि माणदेशात घराघरांतील माणसे दुष्काळी कामावर गेली. वडिलांच्या यंत्राचे पाय थांबले, कारण पोटास नाही तेथे नवे कपडे कोण शिवणार? मातोश्री प्रथमच घराबाहेर मजुरीस गेल्या. खडी फोडावयास बसताना त्यांची शेजारीण मावशी होती. हातोडी कशी धरावी, बोटांस चिंध्या कशा गुंडाळाव्यात, हे मावशीने त्यांना शिकविले. आमच्याच पोत्यातल्या चिंध्या त्या. सुकडी वाटली जाई, ती दोघी एका फडक्यावर घेऊन खात. पाण्याचे मडकेही एकच होते. खडीच्या ढिगाऱ्यापाशी उंबरठा नसतो. त्या उन्हाळ्याच्या अखेरीस एका दुपारी मातोश्रींनी मावशीस हाताला धरून माजघरात आणले व पाटावर बसविले. आजी काही बोलली नाही. मावशीही काही बोलली नाही. तिने फक्त भिंतीवर टांगलेली वाकळ हातात घेऊन तिचा उसवलेला काठ पाहिला आणि सुई मागितली.

त्यानंतर तीन उन्हाळे दोघी घरात बसून शिवीत. चौथ्या वर्षी, वाकळ अर्धी झाली असता, मावशीस ताप आला आणि आठवड्याच्या आत ती गेली. तिची मुले अगोदरच कामधंद्यासाठी मुंबईस गेली होती. झोपडी मोडली, आणि गावात तिचे म्हणून काही राहिले नाही. माळीणबाई व धनगरीणबाई यांनी आपापले कोपरे पुरे केले, मातोश्रींनीही केला. चौथा कोपरा तसाच राहिला. दुसऱ्या कोणास बसवावे, असे वडिलांनी दोनदा सुचविले. मातोश्री म्हणाल्या, "राहू द्या. तिचा आहे." ती वाकळ पुढे वीस वर्षे वापरात होती. त्या कोपऱ्यातील चिंध्या आत गोळा होत आणि पायाशी टोचत. आम्ही कुरकुर केली की मातोश्री तो कोपरा झटकून सारखा करीत, परंतु त्यास टाका घालीत नसत.

पुढील काळ सर्वांस ठाऊक आहे. टेरिलीन व पॉलिएस्टर आले. ते विरत नाही आणि घामही टिपत नाही. त्यामुळे वाकळेस लागणारे जुने मऊ सूत घरातून नाहीसे झाले. तयार कपड्यांनी आपल्या दुकानांतील पोती रिकामी केली. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या खचल्या. चादरी व ब्लँकेटे बाजारात स्वस्त मिळू लागली. अलीकडे शहरांतील प्रदर्शनांत गोधड्यांस चांगली किंमत येते, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु त्या विकत घेणारास चार कोपऱ्यांवर कोण बसले होते, हे कळत नाही.

आणि आम्हांस तरी कोठे कळते? मातोश्री निवर्तल्यावर ती वाकळ आमच्याकडे आली. तिच्याबद्दल चार ओळी लिहून ठेवाव्यात म्हणून आम्ही बसलो, तेव्हा ध्यानात आले की मावशीचे नाव आम्हांस ठाऊक नाही. मातोश्री तिला "अगं" म्हणत, गाव तिला तिच्या थोरल्या मुलाची आई म्हणून ओळखे, आणि आम्ही मावशी म्हणून मोकळे झालो होतो. पंचवीस वर्षे जिच्या टाक्यांखाली निजलो, तिचे नाव विचारावे असे आम्हांस एकदाही सुचले नाही. आता ते सांगणारे गावात कोणी नाही. ही चूक दुरुस्त होण्यासारखी राहिलेली नाही, म्हणून ती येथे छापून ठेवीत आहोत.

सूनबाईंनी परवा विचारले, की हा कोपरा यंत्रावर एका ओळीत शिवून टाकू का? आम्ही नको म्हटले.

ज्ञातिबंधुभगिनींस विनंती एवढीच, की आपल्या माळ्यावर, ट्रंकेत किंवा गावच्या घरी एखादी वाकळ असेल तर ती खाली काढावी. घरात कोणी वडीलधारी स्त्री हयात असेल तर तिच्याजवळ बसून विचारावे, की हिच्या चार कोपऱ्यांवर कोण कोण बसले होते. उत्तर येईल ती नावे लिहून घ्यावीत, मग ती आपल्या ज्ञातीतील असोत वा नसोत. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीशेजारी तीही यादी छापली गेली, तर आपला इतिहास आजच्यापेक्षा खरा होईल. आमच्या घरची चार नावे असावयास हवी होती. तीन पाठवीत आहोत. चौथी जागा कोरी ठेवावी.