घरी बनवलेलं लोलकाचं घड्याळ पातूरला मागे का पडतं?

प्लायवूडची चाकं, बारीक करवत, कानस, ड्रिल आणि भरपूर चिकाटी एवढ्यावर भिंतीवरचं घड्याळ घरी बनवता येतं. बॅटरी लागत नाही. दोरीला टांगलेलं वजन हळूहळू खाली येतं, तीच त्याची ताकद. पण वजन धाडकन खाली येऊ नये म्हणून एक नांगरासारखा तुकडा शेवटच्या चाकाचे दात अडवतो आणि सोडतो. टिकटिक ऐकू येते ती याचीच. कधी सोडायचं, हे लोलक ठरवतो.

हिशेब सोपा आहे. लोलकाला एका बाजूने दुसऱ्या बाजूला जायला 1 सेकंद लागत असेल, तर 30 दातांचं चाक मिनिटात एक फेरी पूर्ण करतं. त्यावर थेट सेकंदकाटा बसवा. मिनिटकाट्यासाठी वेग 60 पट कमी हवा. 64 दातांचं चाक 8 दातांच्या चाकाला आणि 60 दातांचं चाक दुसऱ्या 8 दातांच्या चाकाला जोडलं की 8 गुणिले साडेसात, म्हणजे बरोबर 60.

आता खरी गंमत. इंग्लंडच्या आराखड्यात अशा लोलकाची लांबी 99.4 सेंमी असते. तोच लोलक अकोला जिल्ह्यातल्या पातूरला टांगला, तर घड्याळ दिवसाला जवळपास 2 मिनिटं मागे पडेल. तुमच्या कारागिरीचा यात दोष नाही! विषुववृत्ताकडे जावं तसं गुरुत्वाकर्षण किंचित कमी होतं आणि लोलक रेंगाळतो. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ज्याँ रिशे याला 1672 मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या कायेन इथे हाच अनुभव आला. त्याचं घड्याळ रोज सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे, हे मांडताना न्यूटनने ही नोंद वापरली.

पातूरसाठी लांबी साधारण 99.15 सेंमी ठेवा. लोलकाखाली नट लावला की काम सोपं होतं: 1 मिलिमीटरचा फरक म्हणजे दिवसाला सुमारे 43 सेकंद.

मग येतो वऱ्हाडातला उन्हाळा. डिसेंबरच्या 15 अंशांपासून मेच्या 45 अंशांपर्यंत लोखंडी दांडी सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर वाढते आणि घड्याळ रोज 15 सेकंद गमावतं. सागवानी दांडी उष्णतेने बरीच कमी वाढते, म्हणून तीच घ्या. मात्र तिला वॉर्निश हवंच, नाहीतर पावसाळ्यात ओल धरते. चाकं मात्र अखंड लाकडाची नकोत. लाकूड आडव्या दिशेने जास्त फुगतं, चाक अंडाकृती होतं आणि ऐन श्रावणात दात अडकून बसतात. प्लायवूडचे थर एकमेकांना आडवे असल्याने ते गोल राहतं.

लाकडी दातांना तेल लावू नका, धूळ चिकटते. आणि घड्याळ पक्क्या भिंतीवरच टांगा. पार्टिशन हललं की लोलकाची ताकद त्यातच जाते आणि चांगलं बनलेलं घड्याळही बंद पडतं.