पुष्पिका आणि चिठ्ठी : रानपिंगळ्याच्या नोंदीचा इतिहास

‘हस्तलिखित’ ह्या शब्दाशी मराठीच्या अभ्यासकाचा परिचय प्रथम पोथीच्या द्वारे होतो. पोथी हाती आली की तो आधी शेवटचे पान उलटतो. तेथे पुष्पिका असते : शके, तिथी, लेखनाचे स्थळ, लेखकाचे नाव. पुष्पिका नसेल किंवा ती मागाहून कोणी जोडली असेल, तर पोथीतील मजकूर कितीही सरस असला तरी त्याचे इतिहासातील स्थान अनिश्चित राहते. निसर्गविज्ञानाच्या नियतकालिकाकडे जे लेखन प्रसिद्धीसाठी पाठविले जाते, त्याचीही गोष्ट हीच आहे. पक्ष्याच्या पेंढा भरलेल्या कातड्याच्या पायाला एक लहानशी चिठ्ठी बांधलेली असते. तीवर स्थळ, तारीख आणि संग्राहकाचे नाव असते. लेखाचा सारा डोलारा त्या चिठ्ठीवर उभा असतो. ह्या विधानाची सत्यता पटविणारे एक प्रकरण आपल्या खानदेशातच घडले आहे. भाषेच्या अभ्यासकाने पक्षिशास्त्रात हात घालावा हे काहींस विपरीत वाटेल. परंतु ह्या प्रकरणातील मुख्य प्रश्न दस्तऐवजाच्या प्रामाण्याचा आहे, आणि तो आपल्या नित्य परिचयाचा आहे.

हिंदुस्थानातील पक्ष्यांना वाहिलेले पहिले महत्त्वाचे नियतकालिक म्हणजे ‘स्ट्रे फेदर्स’. १८७२ च्या अखेरीस कलकत्त्याहून त्याचा आरंभ झाला. संपादक ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. १८८५ साली मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनामुळे हे नाव आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. पक्षिशास्त्रज्ञ ह्यूम मात्र अनेकांना अपरिचित असतो. विखुरलेली पिसे असा अर्थ असलेले हे नाव मोठे समर्पक होते. देशभर पसरलेले मुलकी अधिकारी, लष्करी अंमलदार, वनखात्यातील माणसे आपापल्या मुलखातील टिपणे ह्यूमकडे पाठवीत. त्या लेखकांपैकी थोडेच व्यवसायाने शास्त्रज्ञ होते. बहुतेकांचे लेखन म्हणजे दौऱ्यावरील तंबूत रात्री लिहिलेली यादी असे. ह्यूम ती छापी; पण मुकाट्याने छापीत नसे. लेखकाच्या मजकुराखाली संपादकाची टीप येई, शंका येई, कधी स्पष्ट विरोध येई. परीक्षकांकडे लेख गुप्तपणे पाठविण्याची आजची पद्धत तेव्हा ह्या मासल्याच्या नियतकालिकात नव्हती. परीक्षण वाचकांच्या देखत, त्याच पानावर होत असे. ती पद्धत आजच्यापेक्षा अधिक उघड होती, असे प्रस्तुत लेखकास वाटते. अर्थात संपादकाची लहर हा तिचा दोष होताच.

१८७२ च्या डिसेंबरात एफ. आर. ब्लेविट ह्या अधिकाऱ्याने आजच्या छत्तीसगडमधील बसना-फुलझर भागात एक लहान घुबड मारले. ह्यूमने १८७३ च्या पहिल्या खंडात त्याचे वर्णन केले आणि त्याला ‘हेटेरोग्लॉक्स ब्लेविटाय’ असे नाव दिले. ह्या नावाचे व्याकरण पाहण्याजोगे आहे. पहिला शब्द ग्रीक घटकांपासून बनविलेला, ‘निराळे घुबड’ अशा अर्थाचा. दुसरा शब्द म्हणजे लॅटिनमधील पुल्लिंगी षष्ठीचे रूप, ‘ब्लेविटचा’. प्राणिनामांच्या नियमांप्रमाणे संग्राहकाच्या वहीत किंवा संपादकाच्या टाचणात असलेल्या नावाला काहीही किंमत नसते; वर्णनासह ते छापून प्रसिद्ध झाले म्हणजेच अस्तित्वात येते, आणि त्याचा काळ प्रसिद्धीपासून मोजला जातो. शब्द रूढ झाला की तो भाषेचा झाला, असे आपण मानतो. येथे रूढीला स्थान नाही. मुद्रणाचा दिवस हाच नावाचा जन्मदिवस.

ह्या घुबडाला मराठीत रानपिंगळा अथवा वनपिंगळा म्हणतात. नुसता पिंगळा म्हणजे गावाच्या आसपास, जुन्या झाडांच्या ढोलीत राहणारा, डोक्यावर पांढरे ठिपके असलेला परिचित पक्षी. पहाटे दारी येऊन भविष्य सांगणाऱ्या भिक्षेकऱ्यालाही आपण पिंगळाच म्हणतो. पक्षी आणि माणूस दोघेही शकुनाशी निगडित. रानपिंगळ्याच्या माथ्यावर ठिपके जवळजवळ नसतात, शेपटीवर ठळक पट्टे असतात, पंजे अधिक दणकट असतात आणि तो दिवसाही वावरतो. परंतु दुरून पाहणारा सहज फसतो. त्यामुळे ‘पिंगळा पाहिला’ एवढ्या शब्दांवर कोणत्याही संपादकाला नोंद घेता येत नाही. लोकभाषेतील नाव हे भाषिक पुरावा म्हणून अमोल असते. जातिनिश्चितीचा पुरावा म्हणून ते अपुरे पडते.

ब्लेविटनंतर व्हॅलेंटाइन बॉल ह्या भूगर्भशास्त्रज्ञाला १८७७ मध्ये खरियारजवळ एक नमुना मिळाला. त्यानंतर रंगभूमी पश्चिमेस सरकते. मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेतील जेम्स डेव्हिडसन हा अधिकारी खानदेशात होता. त्याने पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची एक यादी ‘स्ट्रे फेदर्स’कडे पाठविली आणि ती दहाव्या खंडात छापली गेली. शीर्षकात त्याने तिला ‘कच्ची यादी’ म्हटले आहे. हा संकोच शोभेसाठी नव्हता. नोकरी सांभाळून जेवढे पाहिले तेवढेच मांडले, असा त्याचा अर्थ होता. १८८० नंतरच्या थोड्या वर्षांत त्याने शहादे व तळोदे भागांत रानपिंगळ्याचे नमुने गोळा केले. १८८४ पर्यंतचे सगळे नमुने मिळून संख्या जेमतेम सात भरते. त्यानंतर ह्या पक्ष्याविषयी खरी नोंद शंभरांहून अधिक वर्षे झाली नाही.

‘स्ट्रे फेदर्स’चा शेवट कसा झाला तेही सांगितले पाहिजे, कारण तो शेवटही हस्तलिखिताशी निगडित आहे. सिमल्याच्या रॉथ्नी कासल ह्या ह्यूमच्या निवासस्थानी त्याचा संग्रह आणि अनेक वर्षांची टिपणे होती. तो एका हिवाळ्यात दूर असताना ती टिपणे चोरीस गेली व बाजारात रद्दीच्या भावाने विकली गेली. हिंदुस्थानातील पक्ष्यांवर जो मोठा ग्रंथ तो लिहिणार होता, तो ह्या घावामुळे राहिला. १८८५ मध्ये त्याने आपला प्रचंड संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला आणि पक्षिशास्त्रातून अंग काढून घेतले. रद्दीच्या दुकानातून मोडी दप्तरे सोडवून आणणाऱ्या आपल्या संशोधकांना ह्या कथेचे दुःख निराळे समजावून सांगावयास नको.

ह्यूमच्या निवृत्तीने पडलेली पोकळी मुंबईने भरून काढली. १८८३ च्या सप्टेंबरात स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे होते. १८८६ पासून तिचे नियतकालिक निघू लागले आणि पक्ष्यांवरील लेखन तिकडे वळले. कातड्यांच्या याद्यांकडून जिवंत पक्ष्याच्या वर्तनाकडे लेखनाचा ओघ कसा वळला, हे पाहावयाचे तर अलिबागजवळच्या किहीम येथे सुगरणीच्या घरट्यांचे निरीक्षण करून सालिम अली यांनी १९३१ मध्ये ह्याच नियतकालिकात प्रसिद्ध केलेला निबंध वाचावा. पुढे १९६० च्या सुमारास जफर फतेहअली यांचे पक्षिनिरीक्षकांचे वार्तापत्र आले, आणि ओरिएंटल बर्ड क्लबचे ‘फॉर्कटेल’ व हैदराबादहून निघालेले ‘इंडियन बर्ड्स’ ही त्यानंतरची. त्यांचा तपशील येथे देण्याचे कारण नाही.

आता मूळ प्रकरणाकडे वळू. सात नमुन्यांच्या पलीकडे रानपिंगळ्याचा आणखी एक नमुना लंडनच्या संग्रहात होता. त्याच्या चिठ्ठीवर संग्राहक म्हणून कर्नल रिचर्ड मायनर्टझहागेन यांचे नाव होते; स्थळ तापीकाठचे मांडवी, आणि काळ ऑक्टोबर १९१४. हे गृहस्थ सैनिक म्हणून आणि पक्षिशास्त्रज्ञ म्हणून विख्यात. वीस हजारांच्या आसपास कातड्यांचा आपला संग्रह त्यांनी १९५४ मध्ये ब्रिटिश म्युझियमला अर्पण केला होता. परवानगीवाचून नमुने बाहेर नेल्याबद्दल १९१९ मध्ये म्युझियमच्या पक्षिविभागात त्यांना काही काळ बंदी झाली होती, ही गोष्टही जाणकारांना ठाऊक होती. तरी नावाचा दबदबा असा की चिठ्ठी खरी धरली गेली. परिणामी रानपिंगळ्याच्या शेवटच्या नोंदीचा काळ तीस वर्षे पुढे सरकला आणि त्याच्या प्रदेशात, जेथून कोणी तो आणला नव्हता, असे एक ठिकाण वाढले.

१९९३ मध्ये ‘आयबिस’ ह्या ब्रिटिश नियतकालिकात ॲलन नॉक्स यांनी मायनर्टझहागेन यांच्या काही वेगळ्या नमुन्यांविषयीचे गैरव्यवहार साधार मांडले. पुढे पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी मांडवीचा नमुना तपासला. त्यांचा निबंध १९९९ मध्ये ‘आयबिस’मध्येच आला. ह्या निबंधाची रीत आपल्या पाठचिकित्सेच्या इतकी जवळची आहे की पदव्युत्तर वर्गात तो वाचावयास लावावा. प्रत्येक संग्राहकाची कातडे भरण्याची हातोटी निराळी असते. लेखनिकाच्या अक्षराचे वळण जसे निराळे असते तसे. मांडवीचे कातडे उसवून पुन्हा भरले होते, म्हणजे वरचे वळण बदलले होते. परंतु क्ष-किरणांनी पाहता आतल्या बांधणीत डेव्हिडसनच्या हाताच्या खुणा उरल्या होत्या. म्युझियमच्या संग्रहातून डेव्हिडसनचा नमुना काढून, त्याची चिठ्ठी फेकून, दुसरी चिठ्ठी बांधलेली होती. खरवडून पुन्हा लिहिलेल्या ताडपत्राखाली जुनी अक्षरे दिसावीत, तसा हा प्रकार. बनावट सनद ओळखताना आपणही हेच करतो : शिक्का कितीही खरा दिसो, शब्दयोजना आणि वळण त्या काळाचे आहे की नाही ते पाहतो.

ह्या छाननीचे फळ केवळ एका खोट्या माणसाची उघडकी एवढेच नव्हते. चिठ्ठी खोटी ठरली, म्हणून मांडवी शोधाच्या यादीतून गळली आणि उरली ती एकोणिसाव्या शतकातील जुनी, कोरडी, खरी ठिकाणे. १९९७ च्या नोव्हेंबरात रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट ह्या ठिकाणांच्या मागावर निघाले. पूर्वेकडील जुन्या स्थळी शोध व्यर्थ गेल्यावर ते खानदेशात आले, आणि २५ नोव्हेंबर रोजी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांना दिवसाढवळ्या रानपिंगळा दिसला. मध्ये ११३ वर्षे गेली होती. पुनःशोधाची हकीकत १९९८ च्या ‘फॉर्कटेल’मध्ये आली. एका नोकरदाराने पायाला बांधलेल्या चिठ्ठीवरील दोन गावांची नावे शतकापलीकडे वाचता आली, म्हणून हे घडले.

नावे वाचता आली, हे सहज म्हटले. प्रत्यक्षात ते सोपे नसते. ह्यूमच्या पानांतील इंग्रजी लिपीतली स्थळनामे आज उच्चारून पाहिली तर पुष्कळ वेळा कोणत्या गावाचा बोध होत नाही. बसना-फुलझर हे नाव इंग्रजी अक्षरांत असे काही बसले होते की ते ठिकाण नकाशावर लावणे हाच एक संशोधनाचा भाग झाला. मांडवी म्हणजे तर मुळात जकातीचे ठाणे. त्या नावाची ठिकाणे तापीकाठी आहेत, कच्छात आहेत, मुंबईतही आहेत. जिल्हेही स्थिर राहात नाहीत. डेव्हिडसनचा खानदेश १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असा विभागला गेला. पश्चिम खानदेशाचा पुढे धुळे जिल्हा झाला. आणि १९९७ मध्ये धुळे जिल्ह्यात असलेले शहादे १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आहे. सबब पक्षिशास्त्राची नियतकालिके आज लेखकाकडे अक्षांश-रेखांश मागतात, तारीख व वेळ मागतात, छायाचित्र किंवा ध्वनिमुद्रण मागतात, आणि हा पक्षी त्याच्यासारख्या दुसऱ्या पक्ष्याहून वेगळा कसा ठरविला ते लिहावयास सांगतात. होतकरू लेखकाला हा जाच वाटतो. आमच्या एका विद्यार्थ्याने स्थळनामांवरील आपल्या प्रबंधात शे-दोनशे गावांची नावे तालुक्यावाचून दिली होती, आणि ती मागितल्यावर तोही असाच खट्टू झाला होता.

एक गोष्ट मात्र ह्या मागण्यांनी हरवली, हे नमूद केले पाहिजे. जर्डनच्या १८६२ ते १८६४ ह्या काळातील ग्रंथात पक्ष्यापुढे देशी भाषांतील नावे दिलेली असत. त्यात चुका विपुल, तरी आपल्याला ते भांडार आहे. आजच्या लेखात अक्षांश असतात, पण त्या गावचा माणूस पक्ष्याला काय म्हणतो ते क्वचितच असते. सातपुड्यातील भिल्ल, पावरा आणि मेळघाटातील कोरकू लोक रानपिंगळा व गावपिंगळा ह्यांत शब्दाने भेद करतात की नाही, ही माहिती दोन्ही शास्त्रांच्या कामाची आहे. संपादकांनी एक ओळ तिच्यासाठी राखावी, अशी सूचना करावीशी वाटते.

पुनःशोधानंतर रानपिंगळ्याच्या नोंदी वाढत गेल्या : तोरणमाळ, मेळघाट, मध्य प्रदेशाचा काही भाग, आणि २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्य. गुजरातेतही डांगच्या रानात तो पुढे मिळाला. म्हणजे त्या मुलखाकडे बोट दाखविणारी खोटी चिठ्ठी खोटीच राहिली, आणि डांगची नोंद तिच्या आधाराशिवाय स्वतंत्रपणे सिद्ध झाली. नावाचा प्रवास अजून संपलेला नाही. रिप्ली यांनी १९७६ मध्ये मुंबईच्या नियतकालिकात ह्या पक्ष्याच्या वर्गीकरणाचा फेरविचार मांडला आणि त्याला ‘अथीनी’ गणात ठेवले. १९९९ च्या लेखनात ह्यूमचे ‘हेटेरोग्लॉक्स’ परत आले. २०१८ मध्ये रेणवीय पुराव्यावरून तो ‘अथीनी’च्या कुळातच बसतो असे भारतीय संशोधकांनी दाखविले. गणाचे नाव असे दोनदा फिरले; ब्लेविटची षष्ठी मात्र १८७३ पासून जागची हललेली नाही.