फॉन्ट उडाला!

गणपतीच्या आधीचा महिना म्हणजे माहीम-दादरच्या डीटीपीवाल्यांची सुगी. मंडळांचे अहवाल, जाहिरातींची पानं, पावतीपुस्तकं, आरत्यांच्या पुस्तिका, सगळं एकदमच येऊन पडतं. १९९०च्या दशकात लेडी जमशेटजी रोडला किंवा शीतलादेवीच्या आसपास हा धंदा एखाद्या चिंचोळ्या गाळ्यात चाले. एक संगणक, एक लेझर प्रिंटर आणि मॉनिटरला चिकटवलेला की-बोर्डचा तक्ता, एवढंच भांडवल. अशा गर्दीत कुणी नवं सॉफ्टवेअर टाकलं, की दुसऱ्या दिवशी 'अध्यक्षांचे मनोगत' उघडल्यावर समोर रोमन अक्षरांची खिचडी. दुखण्याचं नाव ठरलेलं होतं: फॉन्ट उडाला!

मजकूर मात्र जागेवरच असे. त्या काळच्या फॉन्टमध्ये जेमतेम २५६ खण. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याच्या केसमध्ये असतात तसेच, पण इंग्रजीसाठी आखलेले. त्या खणांत मराठीची अर्धी अक्षरं, काने, वेलांट्या बसवलेल्या. भारतीय भाषांसाठी इस्की नावाचं प्रमाण १९८८ मध्ये ठरलं, १९९१ मध्ये सुधारलंही गेलं. पण पानं लागत ती ज्याच्या त्याच्या फॉन्टमध्ये. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्री-लिपी, बंगळुरूच्या सायबरस्केपचं आकृती, सी-डॅकचं आयएसएम. प्रत्येकाची खणांची मांडणी वेगळी. फाइलमध्ये अक्षर नसेच, खणाचा नंबर असे. फॉन्ट गेला की नंबर अनाथ.

दुरुस्तीचा क्रमही मग ठरून गेला. आधी कंट्रोल पॅनेलमध्ये फॉन्ट आहे का ते बघायचं. नंतर संगणकाच्या पाठीमागचं डोंगल. विंडोज नव्याने टाकलं की त्याचा ड्रायव्हर गेलेला असे आणि डोंगल दिसल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नसे. पानं लावायचं पेजमेकर तर हरवलेल्या फॉन्टच्या जागी दुसरा सुचवून मोकळा होई. घाईत 'ओके' दाबलं की पान बिघडलंच.

सगळ्यात छळलं ते वर्डच्या ऑटोकरेक्टने. नवं वर्ड आलं की ते आपसूक चालू होई आणि वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करी. इंग्रजीत ठीक, पण मराठी फॉन्टमध्ये कॅपिटलच्या खणात भलतंच अक्षर बसलेलं. त्यामुळे वाक्याच्या सुरुवातीलाच चूक, आणि तीही अशी की टाइप करणाऱ्याला स्वतःच्याच बोटांचा संशय यावा. ऑटोकरेक्टच्या चौकटीतली खूण काढली की दुखणं बरं.

मग आलेल्या युनिकोड या प्रमाणाने प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. विंडोज २००० पासून देवनागरी आली. सोबत मंगल हा फॉन्ट, मुंबईच्या आयआयटीत अध्यापन केलेल्या र. कृ. जोशींनी घडवलेला. तरी २००१च्या एक्सपीत 'रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स'मध्ये जाऊन एका चौकटीत खूण करावी लागे, आणि ती केली की संगणक विंडोजची सीडी मागे. सीडी नेमकी कुणीतरी नेलेली! ही खूण नसेल तर वेलांटी अक्षराच्या मागे पडे, जोडाक्षरं सुटी होत. शिवाय 'ॲ'ला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ मध्ये. त्याआधीच्या युनिकोड फॉन्टमध्ये त्याच्या जागी चौकोन येई. म्हणजे कायदेशीर सल्लागारांच्या नावामागची 'ॲड.' ही पदवी चौकोनात अडकलेली.

आता विंडोज पुन्हा टाकलं तर की-बोर्ड तेवढा नव्याने जोडावा लागतो; मजकूर वाचता येतो. अडचण उरते ती जुन्या फायलींची. मंडळाचा सुवर्णमहोत्सव आला की पंचवीस वर्षांपूर्वीचा अहवाल शोधला जातो आणि तो पेजमेकरमध्ये, जुन्या फॉन्टमध्ये निघतो. कन्व्हर्टरमधून काढून युनिकोडमध्ये आणता येतो, पण जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होई आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. रूपांतर नीट झालं की नाही हे बघायला एक शब्द पुरतो, आणि तो प्रत्येक अहवालात असतोच: कार्यकारिणी.