खोली लहान, हिशेब मोठा
(वीटकामाच्या अंदाजपत्रकाचा थोडका इतिहास)

विहाराच्या बागेला कडेची एक पक्की खोली पाहिजे, फावडी-टिकाव, पाण्याचा पाईप, खताची पोती, कार्यक्रमाच्या सतरंज्या ठेवायला, असा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "खर्च किती येईल?" आणि पहिलं उत्तर येतं, "कंत्राटदाराला विचारा." आम्हाला या उत्तराबद्दलच चार शब्द लिहायचे आहेत. ज्यांच्या बापजाद्यांनी डोक्यावरून विटा वाहिल्या, त्यांना भिंतीला विटा किती लागतात हे दुसऱ्याला विचारावं लागतं, ही साधी गोष्ट नव्हे. घाम आमचा आणि वही दुसऱ्याची, असा हा जुना इतिहास आहे.

या हिशेबाची पाळंमुळं फार खोल आहेत. सिंधु संस्कृतीच्या नगरांत भाजलेल्या विटा सापडल्या, त्यांची जाडी, रुंदी आणि लांबी एकास दोन, दोनास चार अशा प्रमाणात आहे. म्हणजे चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला कळलं होतं की वीट एका मापाची असली तरच भिंत सरळ चढते आणि मोजदादही सोपी होते. आपल्या मुंबईजवळचं नालासोपारा घ्या. तिथला विटांचा स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 साली उकरला. आत दगडी पेटी निघाली. ती पेटी आज सगळ्यांना ठाऊक आहे, पण भोवतीच्या हजारो विटा कुणी थापल्या, कुणी भाजल्या, कुणी वाहिल्या, त्यांचं नाव कुठंच नाही.

लहान खोलीच्या खर्चाचा विचार विनयपिटकातही आला आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. आळवी गावचे भिक्षू स्वतःसाठी कुटी बांधायला लागले. मापाला काही धरबंध नव्हता. मग लोकांकडं मागणी सुरू झाली. माणूस द्या, बैल द्या, गाडी द्या, कुऱ्हाड द्या. लोक इतके टेकीला आले की भिक्षू दिसला की वाट बदलायचे. गाय दिसली तरी भिक्षू समजून पळायचे, असं तिथं लिहिलंय. तेव्हा तथागतांनी नियम घातला : दाता नसताना, मागून आणून स्वतःसाठी कुटी बांधायची तर सुगताच्या वितीनं लांबी बारा वीत आणि आतून रुंदी सात वीत, याच्या पुढं जायचं नाही. जागाही संघाला दाखवून घ्यायची. आमच्या मते अंदाजपत्रकाचा पहिला धडा हाच. आधी माप ठरवा, मग वर्गणीची पावती फाडा. माप न ठरवता काम काढलं की त्याचा भार शेवटी गरिबाच्या चुलीवर पडतो.

दुसरा धडा सिंहल देशातल्या महावंसात आहे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात दुट्ठगामणी राजानं अनुराधपुरात महास्तूप बांधायला काढला. त्यानं गवंड्यांना बोलावून विचारलं, काम कसं करणार, माती-वाळू किती लागणार? एकानं मोठा आकडा सांगितला, राजानं नाकारला. पुढच्यांनी कमी कमी सांगितला. शेवटी एक हुशार गवंडी म्हणाला, वाळू कुटून, चाळून, दळून घेईन, म्हणजे थोडीच पुरेल. स्तूपावर गवत उगवू नये हे राजाला पाहिजे होतं, म्हणून काम त्यालाच मिळालं. आजच्या भाषेत हे टेंडरच झालं. पण त्याच ग्रंथात आणखी मोठी गोष्ट आहे. राजाचा हुकूम होता की इथं कुणाकडूनही फुकट काम करून घ्यायचं नाही. वेशीवेशींवर मजुरीचा पैका ठेवला होता. पुण्याचं काम आहे म्हणून मजुरी बुडवावी, हा विचार तिथं चालला नाही.

आता आपल्या काळाजवळ येऊ. इंग्लंडात 1784 साली सरकारनं विटांवर कर बसवला, तोही नगावर. कारखानदारांनी काय केलं? वीट मोठी केली, म्हणजे नग कमी आणि कर कमी. मग सरकारनं मोठ्या विटेवर जादा कर लावला. हा खेळ 1850 साली कर उठेपर्यंत चालला. यातून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी, की "हजारी काय भाव" एवढं विचारून भागत नाही, "वीट किती बाय किती" हेही विचारावं लागतं. आजही भट्टीवर वीट दोन-तीन सुतांनी बारीक असते, भाव स्वस्त वाटतो आणि भिंतीला नग जास्त लागतात.

आपल्याकडं 1854 साली सार्वजनिक बांधकाम खातं निघालं आणि मोजमापाची वही, दरसूची, हजेरीपट हे शब्द रुळले. वही आली, पण ती वाचणारे ठराविकच होते. महात्मा जोतीराव फुले स्वतः बांधकामाची कंत्राटं घेत आणि माल पुरवीत, त्यामुळं त्यांना आतली गोम ठाऊक होती. 1873 च्या 'गुलामगिरी' ग्रंथाला जोडून त्यांनी इंजिनिअर खात्यातल्या लबाडीवर पोवाडा लिहिला आहे. शाळा आणि हिशेब यांचा संबंध त्यांनी तेव्हाच ओळखला होता. पुढं बाबासाहेब 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना किमान वेतनाचं विधेयक 1946 च्या एप्रिलात मांडलं गेलं, त्याचा कायदा 1948 साली झाला. अंदाजपत्रकात मजुरीचा रकाना मालकाच्या मर्जीवर सोडायचा नाही, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

मालही बदलत गेला. पूर्वी बैलाच्या घाणीत चुना मळत. पोरबंदरला 1914 साली सिमेंटचा कारखाना सुरू झाला आणि हळूहळू घाणी बंद पडल्या. पुढं सिमेंटवर सरकारी नियंत्रण आलं, परमिटसाठी खेटे घालावे लागत. 1982 साली ते अर्धवट सुटलं, 1989 साली पूर्ण उठलं. म्हणून जुन्या माणसांच्या तोंडचे भाव आज उपयोगाचे नाहीत. भाव बदलतो, माप बदलत नाही. तेव्हा आता मापच करून दाखवतो.

समजा खोली आतून 10 फूट बाय 8 फूट, भिंत नऊ इंची, उंची 8 फूट. भिंतीच्या मध्यातून मोजली तर चारी बाजू मिळून लांबी 39 फूट. त्याला जाडी पाऊण फूट आणि उंची 8 फूट यांनी गुणलं की 234 घनफूट. दार 3 बाय साडेसहा, खिडकी 3 बाय 3. त्यांचे मिळून सुमारे 21 घनफूट वजा. राहिलं 213 घनफूट. 100 घनफुटाचा एक ब्रास, म्हणजे सव्वादोन ब्रासला थोडं कमी. मसाल्यासकट वीट 9 बाय साडेचार बाय 3 इंच धरली तर ब्रासला 1,422 विटा बसतात. आपल्या भिंतीला 3,025 च्या आसपास. फुटतुटीला शेकडा पाच धरा, 3,200 विटा मागवा. एकास सहा मसाल्यानं सिमेंटची आठ पोती आणि वाळू अर्ध्या ब्रासहून थोडी जास्त. एक गवंडी दिवसाला 40-45 घनफूट काम करतो, म्हणजे नुसत्या भिंतींना गवंडी-बिगारीचे पाच दिवस. आता आपल्या गावचा भाव घालून गुणाकार करा. सहावी-सातवीतल्या पोरालाही जमेल.

पण इथं थांबू नका. हा हिशेब जोत्याच्या वरच्या नुसत्या भिंतीचा झाला. पाया, जोतं, दारावरची तुळई, छप्पर, गिलावा, दार-खिडकी, पाणी, वाहतूक हे सगळं वेगळं. काळ्या मातीत पाया खोल न्यावा लागतो, तिथं वाचवायला गेलं की दोन पावसाळ्यांत भिंत तडकते. साडेचार इंची भिंतीला विटा निम्म्या लागतात खऱ्या, पण कोपऱ्याला आणि मधे खांब द्यावे लागतात. वाळूची गाडी आली की हौद्यात टेप लावा. लांबी, रुंदी, उंची मोजल्याशिवाय पावतीवर सही नको. ओली वाळू फुगते, चौथाईपर्यंत जास्त दिसते. दोन विटा एकमेकींवर वाजवा, खणखणीत आवाज आला पाहिजे. छातीइतक्या उंचीवरून टाकली तर तुटू नये. दिवस-रात्र पाण्यात ठेवली तर वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त पाणी पिऊ नये.

आणि एक रकाना कुठल्याच अंदाजपत्रकात नसतो. पावसाळा सरला की ठाणे, रायगडातली कातकरी कुटुंबं उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. मजुरी हजार विटांवर. उचल फिटली की नाही ते मालकाच्या वहीत. वेठबिगारी बंद करणारा कायदा 1976 साली झाला, तरी ज्याला वही वाचता येत नाही त्याची उचल लवकर फिटत नाही. आपण भट्टीवर विटा आणायला जाऊ तेव्हा भाव करताना हजारामागं थापणाऱ्याला किती मिळतात, एवढं तरी विचारावं. विचारणारे दहाजण झाले की मालकालाही उत्तर तयार ठेवावं लागतं.

विहाराची खोली वर्गणीतून होते. धुणीभांडी करणाऱ्या बाईचे पन्नास रुपये त्यात असतात, बदली कामगाराचा एक खाडा त्यात असतो. म्हणून आमचं सांगणं असं : काम काढण्याआधी माप फळ्यावर लिहा. माल आला की त्याच फळ्यावर नग आणि ब्रास लिहा. मजुरी आठवड्याच्या आठवड्याला, अंगठ्यावर न भागवता वाचून दाखवून द्या. काम संपलं की अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी शेजारी मांडा, फरक का पडला ते सभेत सांगा. हे काम समितीतल्या एका माणसावर सोडू नका, तरुण पोरं-पोरी सोबत बसवा. खोली शंभर चौरस फुटांच्या आतली असेल, पण तिच्या निमित्तानं वस्तीत पाच-दहा जणांना मोजमापाची वही लिहिता आली, तर पुढच्या वेळी "कंत्राटदाराला विचारा" म्हणायची पाळी येणार नाही.