या, एक दाता तुम्हीच कापा

डोकं वाकवा, चौकट ठेंगणी आहे. बुटांवरचा बर्फ उंबऱ्यावरच झटका आणि दार लगेच ओढून घ्या. ऊब बाहेर गेली तर घरभर ओरडा होईल.

आलात तुम्ही. आजच्या जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातलं ब्लॅक फॉरेस्ट, फुर्टवांगेन गावाजवळचं एक शेतघर. साल १७५० च्या आसपासचं, बाहेर कंबरभर बर्फ. इथली लाकडी घड्याळं आज त्याच गावातल्या संग्रहालयात काचेआड बसलेली असतात. इथे काच नाही. हवं ते हातात घ्या.

आधी डोळे चोळा. धूर झोंबणारच, कारण स्वयंपाकघराला धुराडंच नाही. चुलीचा धूर तुळयांमधून वाट काढत छपराकडे जातो आणि वर टांगलेल्या डुकराच्या मांसाला खमंग करून सोडतो. तुळया काजळीने काळ्या, तुकतुकीत झाल्यात. धुरामागोमाग दुसरा वास येतो तो शेणाचा आणि कोमट दुधाचा. गोठा याच छपराखाली आहे आणि डोक्यावर गवताची गंजी. गोठ्याला लागून माजघर असलेल्या घरात वाढला असाल, तर इथे परकं वाटणार नाही.

आता बैठकीच्या खोलीत चला. कोपऱ्यात ही मोठी भट्टी. तिच्यात लाकडं घालायची ती पलीकडून, स्वयंपाकघरातून, म्हणून इथे धूर येत नाही. वरच्या दांडीवर ओले लोकरी मोजे वाळताहेत. भपकारा आला ना? भट्टीभोवतीच्या बाकावर आजी चरख्यावर सूत काढतेय, तिच्या पायाशी दोन पोरं भांडताहेत. खिडक्यांच्या रांगेखाली कामाचं लांब टेबल आहे. बर्फावरून परतलेला उजेड तिथे सगळ्यात जास्त पडतो, म्हणून मालक, त्याचा मुलगा आणि शिकाऊ पोरगा तिथे खांद्याला खांदा लावून बसलेत. तुम्हीही घुसा. पाठ भट्टीमुळे भाजेल, गुडघे खिडकीच्या गारठ्याने आखडतील. त्याला इलाज नाही.

ऐका जरा. करवतीची खरखर, कानशीची किरकिर, भिंतीपलीकडे गायीचं हंबरणं. आणि भिंतीवर चाचणीला लावलेली घड्याळं, प्रत्येकाची चाल वेगळी. टक-टक, टक्क... टक्क... अर्ध्या तासात तुम्हाला ती ऐकू येईनाशी होतील. घरच्यांना तर कधीच येत नाहीत. एखादं बंद पडलं, की मात्र सगळे एकदम मान वर करतात.

इथे घड्याळंच का? बाहेर पाहा. कित्येक महिने जमीन बर्फाखाली असते. शेताचे तुकडे पाडायचे नाहीत, ते अख्खं धाकट्या मुलाला द्यायचं, अशी इथली रीत. थोरल्यांच्या वाट्याला येतं ते एखादं छोटं घर आणि स्वतःचे दोन हात. पितळ विकत घ्यावं लागतं, जंगल दाराशी उभं आहे. मग चाकंही लाकडाचीच.

घ्या ही चकती. बोटाने टिचकी मारा. खणखणीत वाजली? म्हणजे लाकूड मुरलंय. ओलं लाकूड बद्द वाजतं. आता तिच्यावरच्या रेषा बघा. दाता रेषांच्या दिशेने निघाला तर दणकट होतो. रेषा आडव्या आल्या तर नखाच्या जोरानेही तुटेल. चाक एकाच फळीतून कापलंय, त्यामुळे दोन बाजूंना हे नाजूक दाते येणारच. तिथे कानस हलकी चालवा. श्वास रोखून धरलाय तुम्ही, सोडा. मालक हसतोय. पहिल्या दिवशी सगळेच रोखतात.

लाकूड आणखी एक खोडी करतं. ओलाव्याने ते आडवं जास्त फुगतं, उभं जवळजवळ नाहीच. भट्टीजवळ गोल कापलेलं चाक पावसाळी हवेत किंचित लंबगोल होतं आणि दाते अडकतात. म्हणून एकमेकांत बसणाऱ्या दात्यांमध्ये थोडी मोकळीक ठेवायची. किती, ते मालक मोजून सांगत नाही. तो चाक तुमच्या बोटांत ठेवतो, डुलवून दाखवतो, आणि तुमच्या बोटांना ते कळतं.

आता जोडणी. सांगाडा बीचच्या लाकडाचा. चाकाचा आसही लाकडी, फक्त टोकांना तारेचे तुकडे ठोकलेले, कारण सतत फिरून झिजायचं ते तिथेच. दोरी गुंडाळा, तिला दगड बांधा. हो, साधा दगड. लंबक मात्र पुढे, तबकडीच्या समोर लोंबकळतो. इथले लोक त्याला गायीची शेपटी म्हणतात. द्या एक हलका धक्का.

टक... टक... टक...

चाललं! अंगावर काटा आला ना? तेच या घड्याळाचं वेड. यात काहीही लपवलेलं नाही. दगड खाली ओढतो, चाक फिरायला बघतं, शेपटी त्याला एकेक दाता सोडते. भट्टीजवळची ती पोरंसुद्धा हे बोट दाखवून समजावून सांगतील. दिवसाला काही मिनिटं इकडेतिकडे होतील, होऊ दे. दुपारी ऊन पडलं की सावलीवरून काटा सरकवायचा आणि दगड पुन्हा वर ओढायचा.

इतक्यात मागून ‘कु-कू!’ दचकलात? मालकाची मुलगी टेबलाच्या टोकाला बसून घड्याळातल्या पक्ष्यासाठी दोन इवल्या भात्यांवर कातडं चिकटवतेय. प्रत्येक भात्याला एक शिट्टी, आधी उंच, मग खालचा सूर. ती पुन्हा दाबते, पोरं खिदळतात, आजी ओरडते, ती तिसऱ्यांदा दाबते.

संध्याकाळी राळेने भरलेल्या लाकडाच्या ढलप्या पेटवून भिंतीत खोचल्या जातात. शेजारणी चरखे घेऊन येतात, खोली गच्च भरते, नाकात काजळी जमते, गप्पांना ऊत येतो. मधे एकच मोठं भांडं येतं, ओटच्या लापशीचं. चमचा घ्या आणि हात चालवा, वाढून कुणी देणार नाही.

बर्फ वितळला की पाठीवर लाकडी चौकट चढवायची. तिच्यावर घड्याळं बांधून फेरीवाला डोंगर उतरतो; या खेपेला तुम्ही. खांद्यांना पट्टे काचतात, प्रत्येक पावलाला पाठीवर लाकडं खडखडतात. खालच्या गावात बाजार भरलाय: डुकरांचा चीत्कार, आंबवलेल्या कोबीचा वास, चिखल, धक्काबुक्की. एका भिंतीच्या खिळ्याला घड्याळ लटकवा, दगड सोडा. गर्दी वळलीच! इथे वेळ आजवर चर्चच्या मनोऱ्यावर किंवा बड्यांच्या दिवाणखान्यात राहायची. आता ती एका शेतकरणीच्या हाताच्या अंतरावर टकटकतेय.

ती जवळ येते, शेपटीला बोट लावून बघते, पदरचे पैसे चाचपते आणि नेमकं विचारते, “दाता तुटला तर?”

उत्तर तुम्हाला ठाऊक आहे, तुम्ही स्वतः कापलाय तो. सांगा तिला: घरात सुरी आहे ना? सरपणातला एक सुका, कठीण तुकडा निवडा, रेषा दात्याच्या दिशेने धरा, तासा आणि खाचेत चिकटवा. घड्याळ पुन्हा चालू लागेल.

ती पैसे मोजते. आता दुसरं काढा, मागे रांग लागलीय.