वाऱ्यानं उडवलेलं पान

ब्राझीलच्या ईशान्येला आलागोआस नावाचं राज्य आहे. तुम्ही तिथल्या एका तुरुंगात उभे आहात. समोर चाकू मारल्याबद्दल आत आलेला एक दणकट पोरगा बसलाय, पाउलो ओनोरिओ. शेजारच्या जुआकीं चांभाराकडे प्रोटेस्टंट लोकांचं बारकंसं बायबल आहे. त्याच्या ओळींवर बोट ठेवून पोरगा अक्षरं जुळवतोय. ग्रासिलियानो रामोस यांच्या ‘साँव बेर्नार्दो’ या कादंबरीतली वाचनाची पहिली शाळा ही अशी गजांआड भरते.

आता काही वर्षं पुढे चला. ज्या मळ्यावर त्यानं मजुरी केली, तोच मळा त्यानं मालकाला कर्जात बुडवून घशात घातलाय. मळ्यावर शाळाही उभी राहिली, कारण गव्हर्नर येऊन शाळेबद्दल विचारून गेला. मास्तर कोण? तोच बुडालेला मालक.

मग मादालेना येते. शिकलेली, शाळेत शिकवणारी बाई, आता पाउलोची बायको. मार्सियानो या गड्याला नवऱ्यानं मारलं, तर ती तोंडावर जाब विचारते. मजुरांची विचारपूस करते. तिचं लिहिणं-वाचणं नवऱ्याला खुपतं. त्याला आधी साम्यवादाचा वास येतो, मग परपुरुषाचा.

ब्राझीलमधली १९३०ची क्रांती अजून व्हायची आहे. तुम्ही घराच्या खिडकीखाली थांबा. मादालेना आत काहीतरी लिहितेय. वाऱ्यानं एक पान उडून बाहेर पडतं आणि पाउलो ते उचलतो. अक्षर बायकोचं. तो पुन्हा पुन्हा वाचतो. पत्र एखाद्या पुरुषाला आहे एवढंच त्याला कळतं. तो पुरुष आपणच आहोत, हे काही केल्या त्याच्या ध्यानात येत नाही. चर्चमध्ये तो तिला धारेवर धरतो. ती थकलेल्या आवाजात सांगते, बाकीची पानं टेबलावर आहेत. दुसऱ्या दिवशी तिनं विष घेतलेलं असतं. टेबलावरचं पत्र त्याचा निरोप घेणारं आहे, आणि त्यातलं एक पान कमी आहे. ते त्याच्याजवळ आहे.

कादंबरीतली ही पानं वाचताना माझा दर वेळी घसा दाटतो. तुरुंगात शिकलेली अक्षरं त्याला हिशोबाला, व्यवहाराला पुरली. घरातल्या माणसाला वाचायला पुरली नाहीत. पुढे रात्री घुबड घुमायला लागलं की तोच माणूस टेबलाशी बसून ही सगळी हकिगत लिहू लागतो. मादालेनाला हा विद्यार्थी मिळाला, पण ती गेल्यावर.

रामोस यांना अक्षरांचं भय घरातच भेटलं होतं. लहानपणी त्यांचे दुकानदार वडील कापड मोजायच्या काठीनं मारत मुळाक्षरं शिकवत. ‘इन्फान्सिया’ या १९४५च्या आठवणींत ते आलंय. ‘साँव बेर्नार्दो’ १९३४ साली छापून आली, तेव्हा आलागोआसच्या सार्वजनिक शिक्षणाचा कारभार त्यांच्याकडेच होता. मार्च १९३६मध्ये सरकारनं त्यांना अटक केली आणि खटला न चालवता जवळजवळ दहा महिने तुरुंगात ठेवलं.