वर्गखोलीतील कोंदट हवा मुलांना बाधक

अंजनगाव सुर्जी : सातपुड्याच्या पायथ्याशी हिवाळ्यातील सकाळच्या शाळेत गारठ्यामुळे खिडक्या लावून घेण्याकडे कल असतो. तो स्वाभाविक असला, तरी आरोग्याच्या दृष्टीने महागात पडणारा आहे.

वीस बाय पंचवीस फुटांच्या पूर्ण बंद खोलीत चाळीस मुले बसल्यास अर्ध्या तासाच्या आतच कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाख भागांत १००० च्या वर जाते. बाहेरील हवेत ते सुमारे ४२० असते. १००० ची मर्यादा जर्मन आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच सुचविली होती. एवढ्या प्रमाणात हा वायू विषारी नव्हे. मात्र खोलीतील हवा बदलत नसल्याची ती खूण होय. अशा हवेत गोवर, क्षय यांचे जंतू रेंगाळतात. वजनाच्या मानाने मुले प्रौढांपेक्षा अधिक हवा आत घेतात. त्यामुळे खडूची धूळ, ओल्या भिंतींवरील बुरशी आणि पऱ्हाट्यांच्या चुलीचा धूर दमेकरी मुलांना विशेष जाचतो.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली आणि पोषण आहारासाठी स्वयंपाकघर बंधनकारक आहे. हवेचा निकष मात्र त्यात नाही!

समोरासमोरच्या दोन खिडक्या थोड्या उघड्या ठेवल्या, तरी हवा खेळती राहते. कडाक्याच्या थंडीत निदान मधल्या सुटीत दारे-खिडक्या सताड उघडाव्यात.